दुष्फेन पाण्याची कहाणी

वालधुनीकाठी अंबरनाथचे शिवालय इ. स. १०६० मध्ये उभारले गेले. दुसऱ्या महायुद्धात शेजारी लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे बदलापूरपर्यंत वस्ती वाढली. नदीचे पाणी अपुरे पडू लागले, तसे अनेक इमारतींच्या टाक्यांत कूपनलिकेचे पाणी मिसळू लागले. खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. मग साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, किटलीत पांढरा थर साचतो. जवळची वालधुनी मात्र कारखान्यांच्या सांडपाण्याने नासली. याकोबाच्या विहिरीवर प्रभूने पाणी मागितले होते. आज तो या नदीकाठी थांबला, तर आपण त्याच्या ओंजळीत काय ओतणार?