नांदेड-लातूर परिसरातील संश्लेषण आणि जंतुरोधाची कसोटी

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाची परंपरा अर्वाचीन होय. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज व औरंगाबादेस १९५८ साली विद्यापीठ निघाले. नांदेडच्या स्वतंत्र विद्यापीठास १९९४ साल उजाडावे लागले. लातूर त्याच्याच कक्षेत आले. या दोन्ही नगरांच्या रसायनशाळांत नव्या कार्बनी संयुगांचे संश्लेषण व त्यांच्या जंतुरोधक गुणांची परीक्षा हा विषय चांगलाच रुजला.

यास कारण साधनांची टंचाई. ॲसिटोफिनोन व बेंझाल्डिहाइड यांचे अल्काच्या सान्निध्यात संघनन केले की चाल्कोनचे पिवळे स्फटिक मिळतात. त्यावर हायड्रॅझिनची क्रिया करून पायराझोलिन सिद्ध होते. वलयावर एखादा ब्रोमीन किंवा आयोडीन अणू बसविला की संयुग नवे! परीक्षाही तितकीच सुलभ: जंतू पेरलेल्या आगरात छिद्र पाडून त्यात द्रावण घालावयाचे आणि भोवती उमटलेले निर्जंतुक वर्तुळ मिलिमीटरांत मोजावयाचे.

तथापि ही कसोटी अपुरी असल्याचे ‘प्रॉन्टोसिल’च्या इतिहासाने पूर्वीच दाखविले होते. डोमाक यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेले हे औषध उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसपासून वाचवी, परंतु परीक्षानळीत निष्प्रभ ठरे. शरीरात त्याचे विघटन होऊन सल्फानिलामाइड निर्माण होते व तेच कार्य करते, असे त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सिद्ध झाले. केवळ आगरावर विसंबले असते, तर हे रसायन टाकाऊच ठरते. शिवाय वर्तुळाचा व्यास पदार्थ आगरात किती पसरतो यावरही अवलंबून असतो. पाण्यात दुर्विद्राव्य असलेल्या चाल्कोनवर त्यामुळे अन्याय होण्याचा संभव अधिक.

मुंबईच्या हाफकिन संस्थेत वेगळी पद्धती दिसते. सोखी व दीक्षित यांनी सल्फाथायाझोलचा प्लेगवरील परिणाम प्राण्यांवर पाहून १९४० साली प्रसिद्ध केला; पुढील वर्षी वागळे व गणपती यांच्यासह प्लेगच्या रासायनिक चिकित्सेवरील निबंध आला. रसायनज्ञ, प्राणी व रोगी यांची अशी साखळी जिल्ह्याच्या महाविद्यालयास कोठून लाभावी? तेथे पहिली पायरीच पुष्कळदा अखेरची ठरली. यातून संश्लेषणास बाध येत नाही: संयुगांची रचना व द्रवणांक यांच्या नोंदी पुढील संशोधकास उपयोगी आहेत. वर्तुळांच्या नोंदींबाबत मात्र किमान रोधक मात्रा व पेशींवरील विषारीपणा यांची परीक्षा नव्याने करणे आवश्यक ठरते.