रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल समाज आणि त्रैक्याचा प्रश्न

प्रस्तावना

पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे असूनही परमेश्वर एकच होय, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील त्रैक्याचा सिद्धान्त दीर्घ वादातून सिद्ध झाला. पुत्र हा निर्माण केलेला आहे, हे एरियसचे मत इ.स. ३२५ मध्ये निकिया येथील धर्मपरिषदेने अमान्य केले. येशू पूर्ण ईश्वर आणि पूर्ण मानव आहे, असा निर्णय ४५१ मध्ये कॅल्सिडन परिषदेने दिला. एकोणिसाव्या शतकात हा सिद्धान्त कोकणातील एका यहुदी समाजासमोर आला. त्या प्रसंगाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

विवेचन

आजच्या रायगड (१९८१ पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यात बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे पेण व रोह्याशी असलेले नाते सांगतात. समाजाच्या परंपरेनुसार हिब्रू ग्रंथ विस्मृतीत गेले. तथापि सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकून राहिली. शेमा ही ईश्वराच्या एकत्वाचीच घोषणा होय. सर्व काही विसरलेल्या समाजाने जे जपले, नेमक्या त्याच ठिकाणी त्रैक्याचा सिद्धान्त येऊन भिडला.

१८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. जुना करार मुळातून वाचल्यास येशू हाच भाकीत केलेला मसीहा असल्याचे पटेल, अशी मिशनऱ्यांची धारणा होती. परंतु व्याकरण दुधारी असते. ‘एलोहीम’ हा ईश्वरवाचक शब्द रूपाने अनेकवचनी असल्याने ख्रिस्ती पंडितांनी त्यात त्रैक्याची सूचना पाहिली. यहुदी पंडितांनी उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यातील एकवचनी क्रियापदाकडे बोट दाखविले. मराठीतील आदरार्थी बहुवचनात क्रियापदही अनेकवचनी होते. येथे ते एकवचनीच राहते, हा भेद मराठी वाचकास सहज उमजेल.

पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पेण येथे १८६३ मध्ये उभारलेल्या सभास्थानाचे ‘बेथ हा-एलोहीम’ हे नाव तोच शब्द धारण करते. हे नाव मिशनऱ्यांना उत्तर म्हणून दिले, असे मात्र म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

बेने इस्राएलांपैकी फारच थोड्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचे श्रेय केवळ धर्मतत्त्वास देणे एकांगी ठरेल. आप्तसंबंध व जातिव्यवस्थेतील स्थान यांचाही विचार करावा लागतो. तरीही धर्मांतरासाठी दिलेली विद्या स्वधर्माच्या पुनर्ज्ञानास उपकारक ठरली, हे स्पष्ट दिसते. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये स्थलांतरित झाले. मिशनकार्याचे मूल्यमापन केवळ धर्मांतरितांच्या संख्येवरून केल्यास इतिहासाची ही बाजू अलिखित राहील.