कृपा आणि पापावरील विजय : मराठी ख्रिस्ती परंपरा

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील परस्परांशी जोडलेली दोन मूलतत्त्वे. अंगी कोणतीही पात्रता नसलेल्या पापी माणसावर देव आपणहून जी दया करतो, तिला ‘कृपा’ म्हणतात. या कृपेच्या बळावर पापाची सत्ता झुगारून पवित्र जीवन जगणे, हा ‘पापावरील विजय’. यातले आधी काय आणि नंतर काय, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. माणूस सुधारतो म्हणून देव त्याला स्वीकारतो, की देव स्वीकारतो म्हणून माणूस सुधारू शकतो? ख्रिस्ती पंथांचे मुख्य प्रवाह दुसरे उत्तर देतात. प्रस्तुत नोंदीत या शिकवणीचा सामान्य आशय आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, विशेषतः नेवासा तालुक्याच्या परिसरात, तिने घेतलेले मराठी रूप यांचा परामर्श घेतला आहे.

सिद्धांताचा आशय : ख्रिस्ती मतानुसार पाप म्हणजे केवळ एखादे वाईट कृत्य नव्हे. देवाकडे पाठ फिरवलेली मनाची अवस्था हे पापाचे मूळ आणि वाईट कृत्ये ही त्याची फळे. ही अवस्था सर्व मानवजातीला व्यापून आहे, दानधर्म, उपवास वा कर्मकांड यांनी ती पालटत नाही, येशूच्या वधस्तंभावरील मरणाने आणि पुनरुत्थानाने मात्र तिच्यातून सुटकेचा मार्ग मोकळा झाला, अशी श्रद्धा आहे. प्रेषित पौलाच्या रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत याची विस्तृत मांडणी आढळते. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला (लूक, अध्याय 15) हे कृपेचे सर्वांत परिचित उदाहरण. घरी परतणाऱ्या मुलाने क्षमायाचनेचे शब्द पुरते उच्चारण्याआधीच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो.

कृपा फुकट मिळते, तर मग पाप सोडण्याची गरज काय, ही शंका पौलानेच रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात उपस्थित करून खोडून काढली आहे. बाप्तिस्मा घेणारा पापाच्या दृष्टीने मेला आहे. त्यामुळे त्याच पापात त्याने पुन्हा राहणे ही विसंगती ठरते, असा त्याचा युक्तिवाद. कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव आहे, असे याकोबाचे पत्र बजावते. प्रकटीकरणाच्या पुस्तकात सात मंडळ्यांना लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या अखेरीस विजय मिळवणाऱ्याला अभिवचन दिलेले आहे. यावरून धर्मशास्त्रज्ञ दोन पायऱ्या मानतात : देवाने विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणे आणि त्यानंतर पवित्र आत्म्याच्या साहाय्याने आयुष्यभर चालणारे पवित्रीकरण.

ऐतिहासिक वाद : पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस याने माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने पापमुक्त जगू शकतो, असे प्रतिपादन केले. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला कडाडून विरोध केला. चांगले करण्याची इच्छा होणे हीसुद्धा कृपाच, असे ऑगस्टीनचे मत होते. कार्थेजच्या धर्मसभेने 418 मध्ये पेलाजियसची शिकवण नाकारली. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने केवळ विश्वासाने तारण या सूत्रावर धर्मसुधारणा उभी केली. त्याला रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत (1545–63) उत्तर दिले. कृपा आधी येते हे या सभेने मान्य केले, परंतु माणसाने तिला प्रतिसाद द्यावा लागतो आणि संस्कारांच्या द्वारे ती अंतःकरणात वाढते, यावर भर दिला. कॅल्व्हिनपंथीयांनी देवाच्या निवडीला, तर अठराव्या शतकात जॉन वेस्लीने सर्वांना खुल्या असलेल्या कृपेला आणि पवित्रतेच्या पूर्णत्वाला महत्त्व दिले. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर याने शिष्यत्वावरील आपल्या 1937 च्या ग्रंथात, पश्चात्तापाविना मिळणाऱ्या क्षमेचा पुरस्कार करणारी ‘स्वस्त कृपा’ ही चर्चची शत्रू असल्याचे म्हटले.

मराठीतील आरंभ : या शिकवणीची मराठीतील पहिली मोठी मांडणी म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स (1549–1619) यांचे क्रिस्तपुराण होय. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. आदामाच्या पतनापासून तारणाऱ्याच्या जीवनचरित्रापर्यंतची कथा त्यात पुराणाच्या थाटात येते. मराठीत तत्त्वज्ञान सांगण्यासाठी ज्ञानेश्वरीने रुळवलेला ओवी छंदच स्टीफन्स यांनी निवडला. पुढे एकोणिसाव्या शतकात श्रीरामपूर (बंगाल) येथे विल्यम केरी यांच्या प्रयत्नाने आणि नंतर मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यातून बायबलची मराठी भाषांतरे निघाली. बाबा पदमनजी (1831–1906) यांनी अरुणोदय (1884) या आत्मचरित्रात पापाची जाणीव ते क्षमेची खात्री हा स्वतःचा प्रवास लिहून या शिकवणीला गद्याची वाट दिली.

नेवासा परिसर : प्रवरेकाठचे नेवासे ही ज्ञानेश्वरीची जन्मभूमी. शके 1212 (इ. स. 1290) मध्ये येथे ज्ञानदेवांनी गीतेवरील भाष्य सांगितले व सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. या भूमीत कृपा ही कल्पना नवखी नव्हती. गुरुकृपेचे माहात्म्य गाणारी, पतितपावन विठ्ठलाला हाक मारणारी भाषा लोकांच्या ओठी होती. ख्रिस्ती प्रचारकांना येथे तयार भाषा मिळाली आणि त्याच भाषेतून आपले वेगळेपण सांगण्याचे आव्हानही उभे राहिले.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1831 च्या अखेरीस मिशनने अहमदनगरला ठाणे मांडले. नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील, नेवासा तालुक्यातील वडाळा (बहिरोबा) हे या मिशनचे खेड्यांतील एक प्रमुख केंद्र बनले. सॅम्युअल बी. फेअरबँक (1822–98) यांनी तेथे दीर्घकाळ काम केले. पुढे त्यांचे पुत्र एडवर्ड यांनीही हेच क्षेत्र सांभाळले. या भागात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबे बहुसंख्य होती. गावकुसाबाहेर ठेवलेल्या या माणसांना देवाचा स्वीकार जन्माने वा कर्माने कमवावा लागत नाही, हे सांगणे धार्मिक होते, तसेच सामाजिकही होते. एकाच भाकरीचे व एकाच प्याल्यातले प्रभुभोजन सर्वांनी घेणे ही त्या शिकवणीची रोजच्या व्यवहारातली कसोटी ठरली.

ख्रिस्ती कीर्तन : न्यू इंग्लंडमधून आलेल्या काँग्रिगेशनल मिशनऱ्यांची प्रवचने तर्कशुद्ध, पण लांबलचक असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या देशी ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी हरिदासी कीर्तनाची पद्धत उचलली. पूर्वरंगात तत्त्वनिरूपण आणि उत्तररंगात आख्यान ही चौकट कृपेच्या शिकवणीला चपखल बसली. पूर्वरंगात पापाचे स्वरूप सांगावे आणि उत्तररंगात उधळ्या पुत्राचे किंवा पश्चात्तापी जकातदार जक्कयाचे आख्यान लावावे, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही सिद्धांत समजे. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे या कीर्तनपरंपरेतील नामवंत कवी व कीर्तनकार होते. टाळ-मृदंगासह चालणारी ख्रिस्ती भजने नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत रुजली.

मंडळीची शिस्त : कृपा मोफत असली तरी मंडळीचे सभासदत्व सहज मिळत नसे. उमेदवाराला बाप्तिस्म्यापूर्वी शिक्षण घ्यावे लागे आणि आपल्या पश्चात्तापाची व विश्वासाची साक्ष द्यावी लागे. मूर्तिपूजा, दारू, व्यभिचार आणि जातिभेद पाळणे या गोष्टी सोडण्याची अपेक्षा असे. दोष आढळल्यास सभासदाला प्रभुभोजनापासून दूर ठेवीत व पश्चात्तापानंतर पुन्हा घेत. 1876–78 आणि 1896–1900 या काळातील दुष्काळांत मिशनकडे येणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा ही शिस्त अधिकच कसाला लागली. धान्यासाठी आलेला आणि तारणासाठी आलेला यांच्यात फरक कसा करायचा, हा प्रश्न पाळकांपुढे होता. कृपेच्या सिद्धांतातच त्याचे एक उत्तर दडले होते. येणाऱ्याच्या हेतूची शुद्धता हीच अट केली, तर कृपा ही कृपा राहत नाही. म्हणून दार उघडे ठेवून परीक्षा नंतरच्या वागणुकीची घ्यायची, असा विचारही मांडता येत होता.

ह्यूम प्रकरण : कृपेची मर्यादा कुठवर, यावरून अहमदनगरच्या एका मिशनऱ्याचे नाव अमेरिकेत गाजले. रॉबर्ट ॲलन ह्यूम (1847–1929) हे 1874 पासून अर्धशतक अहमदनगरला होते. ख्रिस्ताचे नाव कानी न पडताच मेलेल्यांचा नाश अटळ मानावा का, हा प्रश्न त्यांच्या श्रोत्यांना आपल्या वाडवडिलांविषयी पडत असे. अशा माणसांना मृत्यूनंतरही ख्रिस्ताला ओळखण्याची संधी मिळू शकेल, या अँडोव्हर येथील धर्मशास्त्रज्ञांच्या मताबद्दल ह्यूम यांनी 1886 मध्ये रजेवर असताना सहानुभूती दाखवली. तेव्हा त्यांना परत भारतात पाठवायचे की नाही, यावर मिशनची पालक संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डात वाद पेटला. अखेर 1887 मध्ये ते अहमदनगरला परतले. पूर्वजांशी असलेले नाते न तोडता कृपेची शिकवण कशी सांगावी, हा भारतीय खेड्यातला प्रश्न या निमित्ताने अमेरिकी धर्मशास्त्राच्या ऐरणीवर आला.

टिळक दांपत्य : या परंपरेतील सर्वश्रेष्ठ कवी नारायण वामन टिळक (1861–1919). 1893 मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला आणि डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढील आयुष्याचा बराच काळ अहमदनगर व राहुरी येथे काढला. आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची भूमिका होती. अभंगांजलीत त्यांनी ख्रिस्ताला माउली व गुरू म्हणून आळवले. त्यांच्या रचनांत पापाचे भय दुय्यम असून ख्रिस्ताच्या सहवासाने स्वभाव पालटतो, यावर भर आहे. मराठी मंडळ्यांच्या उपासना संगीत या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा मोठा वाटा आहे. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते.

लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) यांनी पतीनंतर पाच वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. स्मृतिचित्रे (1934–36) या आत्मचरित्रात त्यांनी सोवळ्याओवळ्याचा आणि शिवाशिवीचा संस्कार आपल्या मनातून कसा सुटत गेला, हे विनोदाच्या अंगाने सांगितले आहे. पापावरील विजय हा एका क्षणाचा चमत्कार नसतो, तो जुन्या सवयींशी दीर्घकाळ झगडून मिळवावा लागतो, याचे हे मराठीतील सर्वांत जिवंत चित्रण मानावे लागेल. टिळकांनी अपुरे ठेवलेले ख्रिस्तायन हे काव्यही त्यांनीच पुढे नेले.

पंडिता रमाबाई व मुक्ती : पंडिता रमाबाई (1858–1922) यांचा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला; परंतु केवळ धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त नव्हे, असे पुढे त्यांना वाटू लागले. 1891 च्या सुमारास कृपेचा वैयक्तिक अनुभव आल्याचे त्यांनी 1907 मधील आपल्या साक्षीत नमूद केले आहे. त्यांच्या केडगाव (जि. पुणे) येथील मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनअखेरीस धार्मिक जागृतीची लाट उसळली. शेकडो मुली व स्त्रियांनी रडत, मोठ्याने प्रार्थना करीत पापांची कबुली दिली. जगभरच्या पेन्टेकोस्टल चळवळीच्या आरंभकाळातील घटनांत या जागृतीची गणना होते.

अन्य पंथ : नगर जिल्ह्यात जर्मन जेझुइटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राहुरी तालुक्यातील केंदळ, वळण या भागांत काम सुरू केले. कॅथलिक शिकवणीत प्रायश्चित्त संस्कार, मिस्सा आणि पवित्र मरियेची मध्यस्थी यांना महत्त्व आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरमध्ये भरणारी मतमाउलीची यात्रा हे मरियाभक्तीचे जिल्ह्यातील सर्वांत मोठे रूप असून ती 1949 पासून भरते. साल्व्हेशन आर्मी (मुक्तिफौज) बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी करीत नाही. पूर्ण पवित्रतेचा अनुभव याच जीवनात शक्य आहे, असे ती मानते.

वारकरी विचाराशी तुलना : निकोल मॅक्‌निकॉल यांनी इंडियन थिइझम (1915) या ग्रंथात भक्तिसंप्रदायांतील ईश्वरकृपेचा सहानुभूतीने अभ्यास केला. जर्मन अभ्यासक रुडॉल्फ ऑटो यांनी भारतातील कृपाधर्म व ख्रिस्ती धर्म यांच्या तुलनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत पिलाने आईला घट्ट धरण्याचा मर्कटन्याय आणि आईनेच पिलाला तोंडात धरून नेण्याचा मार्जारन्याय, असे दोन पक्ष आहेत. ऑगस्टीन-पेलाजियस वादाशी त्यांचे साम्य लक्षणीय आहे. वारकरी संतही स्वतःला पतित म्हणवतात आणि पसायदानात दुर्जनांचा नाश न मागता त्यांचा दुष्टपणा जावा, असे मागितले आहे. भेद मात्र मूलगामी आहेत. ज्ञानदेवांच्या अद्वैतात गुरुकृपेने जीव-शिवाचे ऐक्य उमगते. ख्रिस्ती विचारात क्षमा झाल्यावरही देव देवच आणि माणूस माणूसच राहतो. वारकरी परंपरेला कर्म व पुनर्जन्माची पार्श्वभूमी आहे. ख्रिस्ती शिकवण एकच जन्म आणि इतिहासात एकदाच घडलेले प्रायश्चित्त मानते.

सामाजिक पाप : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पापाच्या व्यक्तिगत व्याख्येवर आक्षेप येऊ लागले. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशामुळे धर्मांतरित दलित ख्रिस्ती आरक्षणाबाहेर राहिले. चर्चमध्येही जात पुरती गेली नाही. अरविंद निर्मळ यांनी 1981 मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानातून दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राला चालना दिली. जातिव्यवस्था हेच सामूहिक पाप असून त्यावरील विजय हा तारणाचाच भाग आहे, असे हे धर्मशास्त्र मानते. नेवासा परिसरातील मंडळ्यांचा इतिहास पाहता हा विचार येथे बाहेरून आला असे म्हणता येत नाही. प्रभुभोजनाच्या मेजावर तो आधीपासूनच होता.

सद्यःस्थिती : अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या ज्या संयुक्त चर्चमध्ये आल्या होत्या, ते 1970 मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च व ल्यूथरन जागतिक संघ यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. पुढे मेथडिस्ट (2006) व रिफॉर्म्ड (2017) परंपरांनीही त्याला मान्यता दिली. त्यामुळे तारण कृपेनेच होते आणि सत्कृत्ये हे तिचे फळ आहे, या मूलभूत मुद्द्यावर या परंपरांत आता एकमत आहे. पापावरील विजय याच आयुष्यात पूर्ण होतो की मरेपर्यंत अपुरा राहतो, यावर मात्र मतभेद कायम आहेत.