परक्या घरची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर नवी लाल वही मांडायची, पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढायची, आणि पूजा आटोपली की वही तिजोरीत कुलूपबंद करायची, हा पेढ्यांवरचा रिवाज आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वही म्हणजे पेढीची अब्रू. ती शेटजी जावयाच्या हातीसुद्धा देत नसत. त्याच शेटजींच्या नातवंडांनी आज आपल्या वह्या कधीही न पाहिलेल्या परक्या घरी नेऊन ठेवल्या आहेत आणि ती निवांत झोपतात. या परक्या घराला 'क्लाउड' म्हणजे ढग म्हणतात. नाव मोठे काव्यमय, पण फसवे! आकाशात काहीच नसते. असतात त्या जमिनीवरच्या भक्कम इमारती आणि त्यांत विजेवर तापणाऱ्या संगणकांच्या रांगा.

ही कल्पना आजची नव्हे. गणनशक्ती टेलिफोनप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून घरोघर पुरवता येईल, असे जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ सालीच बोलून दाखवले होते. दुकान प्रत्यक्षात थाटले ते मात्र एका पुस्तकविक्या कंपनीने. मार्च २००६ मध्ये अॅमेझॉनने आपली साठवणीची जागा भाड्याने द्यायला काढली. दर, एका गिगाबाइटला महिन्याकाठी १५ सेंट. एवढ्या स्वस्त जागेत आपली वही कोण ठेवणार, अशी शंका त्या वेळी कुणाला आली असल्यास मी त्याला दोष देणार नाही.

पण ठेवणारे निघाले. त्यांतली मला सर्वांत मौजेची वाटते ती नेटफ्लिक्सची गोष्ट. ही कंपनी तेव्हा चित्रपटांच्या तबकड्या टपालाने घरोघर धाडत असे. ऑगस्ट २००८ मध्ये तिच्या स्वतःच्या संगणकातील माहितीचा साठा बिघडला आणि तीन दिवस एकही तबकडी धाडता येईना. म्हणजे आपल्या तिजोरीनेच दगा दिला! मग तिने बिऱ्हाड हलवले आणि ते अॅमेझॉनकडे, जी पुढे चित्रपटांच्याच धंद्यात तिची तगडी प्रतिस्पर्धी झाली. समोरच्या दुकानदाराच्या माडीवर आपली वही ठेवण्यासारखाच हा प्रकार. हे स्थलांतर पुरे व्हायला जानेवारी २०१६ उजाडला. सात वर्षे! विश्वास असा चमच्याचमच्याने पाजावा लागतो.

आपल्याकडे हुंडीचा व्यवहार शतकानुशतके चालला तो तरी कशावर? 'शहाजोग' हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच मिळत. म्हणजे उद्या भानगड निघाली तर धरायला कोणी तरी ओळखीचा माणूस असे. शिवाय हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' नावाची दुसरी प्रत निघे, आणि तीही हरवली तर 'परपेठ'. आमचे सावकार माणसावर विश्वास ठेवीत, कागदावर नाही. नव्या गुदामवाल्यांना असा चेहरा नव्हता. त्याची जागा त्रयस्थ लेखापरीक्षकांचे दाखले आणि लांबलचक करारपत्रे यांनी भरून काढली. रिझर्व्ह बँकेने तर एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या देवघेवीची माहिती देशातच ठेवण्याचा हुकूम काढला.

दाखल्यांनी गुदाम बुडायचे थोडेच थांबते! सप्टेंबर २०१३ मध्ये निर्वानिक्स या अमेरिकन कंपनीने आपल्या ग्राहकांना महिनाअखेरीच्या आत माल उचलायला सांगितले. पुढे मुदत थोडी वाढवली आणि ऑक्टोबरच्या आरंभी दिवाळे काढले. इतकी माहिती उपसून न्यायला तारेचीच रुंदी अपुरी पडते, हे पुष्कळांना तेव्हा उमगले.

२८ फेब्रुवारी २०१७ ला खुद्द अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातील साठ्यात एका कर्मचाऱ्याच्या हातून आज्ञेतला एक आकडा चुकला आणि हवे त्याहून कितीतरी अधिक संगणक बंद पडले. अनेक संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. गंमत अशी, की 'बिघाड झाला आहे' असे सांगणारा अॅमेझॉनचा फलकदेखील त्याच साठ्यावर अवलंबून, त्यामुळे तोही मुका! परंतु कंपनीने नंतर काय चुकले ते सविस्तर लिहून जाहीर केले. माझ्या मते शंभर जाहिरातींनी साधले नसते ते या कबुलीने साधले.

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच कंपनीची एक इमारत जळून खाक झाली. जीवितहानी झाली नाही. पण ज्यांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यांतील कित्येकांचे सर्वस्व गेले. आपली वही कोणी तरी सांभाळतो म्हणजे तिची नक्कलही आपोआप काढतो, असे त्यांनी गृहीत धरले होते. करारपत्र वाचायचा कंटाळा, दुसरे काय!

युनिसुपर हा ऑस्ट्रेलियातील निवृत्तिवेतनाचा मोठा निधी. सहा लाखांहून अधिक सभासदांची पुंजी त्याच्यापाशी. मे २०२४ मध्ये गूगलच्या ढगातले त्याचे खाजगी दालन एकाएकी पुसले गेले. चोर नाही, आग नाही; दालन उभारताना गूगलच्या माणसाकडून एक रकाना कोरा राहिला होता, म्हणून यंत्राने एक वर्षाची मुदत धरली, आणि मुदत संपताच कुणालाही न विचारता दालन मोडले. सभासदांना कित्येक दिवस आपले खाते पाहता येईना. दोन्ही कंपन्यांच्या प्रमुखांनी संयुक्त पत्रक काढून हे असे व्हायला नको होते असे कबूल केले. गूगलच्या निराळ्या साठ्यातील प्रती शाबूत होत्या, आणि युनिसुपरने आणखी एका कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या. त्यांवरून खाती पुन्हा उभी राहिली.