ओआरएसचं पाकीट आणि १९७१ चं युद्ध

मंडळी, थंडी सुरू झाली की इथल्या शाळांत उलट्या-जुलाबांची साथ ठरलेलीच. मागच्या आठवड्यात आमच्याकडेही आली. रात्री दोन वाजता लेकीला चमच्याचमच्याने ओआरएस पाजत होते. तिने विचारलं, "आई, हे कुणी शोधलं?" तिला सांगितलं ते इथेही लिहिते.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तली सुरू केल्या आणि जवळपास १ कोटी माणसं जीव मुठीत धरून भारतात आली. पश्चिम बंगालच्या सीमेवरचं बनगाव निर्वासितांनी भरून गेलं. चालून दमलेली, अर्धपोटी माणसं. वर पाऊस आणि प्यायला घाण पाणी. कॉलरा पसरला. आधीच उपासमार झालेल्या पोरांना जुलाबाचा एक दिवसही झेपत नव्हता.

कोलकात्याहून डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा रुग्ण जमिनीवरच पडलेले होते. उपचार म्हणजे शिरेतून सलाइन, आणि तेच संपत आलेलं. साखर-मीठ एकत्र दिलं की आतडं पाणी शोषून घेतं, हे संशोधकांना माहीत होतं. पण ते वापरायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, असा समज. बनगावात तेवढे डॉक्टर आणायचे कुठून?

मग त्यांनी धाडस केलं. १ लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात पाकिटं भरली, बनगावात पिंपांत कालवली आणि पाजायचं काम दिलं घरच्यांनाच. आया, बहिणी, भाऊ रुग्णाच्या उशाशी बसून पाजत राहिले. आधी मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं. ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं.

अनेक तज्ज्ञांचा आधी विश्वास बसला नाही. पुढे १९७८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने हाच उपाय जगभर नेला. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण मिळालं ते मरणोत्तर, २०२३ मध्ये.

मग आता कॉलऱ्याने कुणी मरत नसेल? मरतात. २०१७ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या येमेनमध्ये १० लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले, दोन हजारांहून जास्त माणसं दगावली. औषध तेच, स्वस्तच. पण पाण्याचे पंप बंद, दवाखाने उद्ध्वस्त, लोक उपाशी. पाकीट कालवायला स्वच्छ पाणी तर हवं ना!

लेक सकाळपर्यंत बरी झाली. तुमच्याही औषधांच्या कपाटात ते पाकीट असेल. पुढच्या वेळी पाजताना पोरांना बनगावची गोष्ट नक्की सांगा.