मुंबई उपनगरांतील समाजकार्य शिक्षण आणि निर्वासित साहाय्य

मुंबईच्या उपनगरांत व्यावसायिक समाजकार्याचे शिक्षण आणि निर्वासितांचे पुनर्वसन यांचा संबंध १९४७ च्या फाळणीपासूनचा आहे. देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही या शिक्षणाची भारतातील पहिली संस्था होय. समाजसेवेसाठी सद्‌भावना पुरेशी नसून प्रशिक्षणही आवश्यक असते, हा तिचा विचार फाळणीच्या काळात प्रत्यक्ष कसोटीला लागला.

पार्श्वभूमी

अमेरिकन धर्मोपदेशक क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा येथील वस्तीत केलेल्या कामातून १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही संस्था उभी राहिली. १९४४ साली तिला आजचे नाव मिळाले. काही काळ अंधेरीत राहून १९५४ मध्ये ती देवनारच्या आवारात आली. १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

कुरुक्षेत्र छावणी

फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांसाठी कुरुक्षेत्र येथे देशातील सर्वांत मोठी छावणी उभारण्यात आली. सुमारे एक लाख लोकांसाठी आखलेल्या या छावणीत त्याच्या तिप्पट लोक दाखल झाले. तेथे टाटा संस्थेच्या शिक्षक व विद्यार्थ्यांचे पथक कामाला गेले. छावणीत अन्नवस्त्राइतकाच मोठा प्रश्न ताटातूट झालेली कुटुंबे, एकाकी स्त्रिया आणि पालक नसलेली मुले यांचा असतो. प्रत्येकाची गरज स्वतंत्रपणे समजून घेण्याची ‘व्यक्तिसहाय्य कार्य’ ही पद्धत अशा ठिकाणी उपयोगी पडते.

उपनगरांतील वसाहती

सिंधमधील निर्वासित मोठ्या संख्येने कराचीहून समुद्रमार्गे मुंबईत उतरले. मुलुंड कॉलनी आणि चेंबूर कॅम्प या वसाहतींची वाढ या स्थलांतरातून झाली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसलेल्या निर्वासितांच्या वस्तीचे १९४९ साली उल्हासनगर असे नामकरण झाले. १९४८ च्या मुंबई निर्वासित कायद्याने निर्वासितांना नोंदणी सक्तीची केली. नेमून दिलेल्या ठिकाणी राहण्याचे बंधनही त्यांच्यावर येऊ शकत असे. त्यामुळे मदत आणि नियंत्रण या दोन्ही गोष्टी छावणीच्या व्यवस्थेत एकत्र आल्या. छावणीतील माणसाला केवळ लाभार्थी मानायचे की स्वतःचा निर्णय घेणारी व्यक्ती, हा समाजकार्यातील मूलभूत प्रश्न आहे.

अभ्यासक्रम आणि क्षेत्रकार्य

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात वर्गातील अध्यापनासोबत क्षेत्रकार्य अनिवार्य असते. विद्यार्थी वस्त्या, रुग्णालये, न्यायालये व स्वयंसेवी संस्थांमध्ये पर्यवेक्षकाच्या मार्गदर्शनाखाली काम करतात आणि त्याच्या नोंदी ठेवतात. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या तिच्या प्रमुख पद्धती आहेत. १९५५ साली स्थापन झालेले निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय हे मुंबईतील दुसरे महत्त्वाचे केंद्र आहे.

कायदेशीर स्थिती

फाळणीतील निर्वासितांना राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार नागरिकत्व मिळण्याचा मार्ग खुला होता. त्यामुळे घर, रोजगार व शिक्षण मिळवून देणे हे पुनर्वसनाचे उद्दिष्ट ठरले. परदेशातून आश्रयासाठी येणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. भारताने १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा पूरक करार स्वीकारलेला नाही, तसेच निर्वासितांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदाही केलेला नाही. तिबेटी व श्रीलंकन निर्वासितांची व्यवस्था सरकार थेट पाहते. इतर काही गटांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे कार्यालय करते.

मात्र घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्या व्यक्तीलाही मिळते. चकमा निर्वासितांविषयीच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. म्हणून या क्षेत्रातील कार्यकर्त्याला समुपदेशनाबरोबरच कायद्याची माहिती, कागदपत्रांची पूर्तता आणि हक्कांचा पाठपुरावा ही कामेही करावी लागतात. निर्वासितांच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी दरवर्षी २० जून हा जागतिक निर्वासित दिन म्हणून पाळला जातो.