घंटीची दोरी आणि खिशातला फोन

धाराशिव जिल्ह्याचा सगळा व्यवहार पिढ्यानपिढ्या रस्त्यावरच चालला. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली, पण ती येडशी, ढोकीकडून गेली. जिल्ह्याच्या मुख्य शहरात विसाव्या शतकात रेल्वे आलीच नाही. त्यामुळे बाजार, कचेरी, दवाखाना, तुळजापूरची वारी, काहीही असले तरी माणसे मोटारीनेच जात. निजाम सरकारने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी आपली सरकारी बससेवा सुरू केली. राज्य पुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून सुटला आणि पुढे १९६१ मध्ये इथली सेवा राज्य परिवहन महामंडळात आली. लोकांच्या तोंडी ती ‘एसटी’ झाली.

चालकाचे लक्ष ही जपण्याची गोष्ट आहे, हे एसटीने फार आधी ओळखले होते. चालकाशी बोलू नये, अशी सूचना गाडीत त्याच्या आसनाजवळ रंगवलेली असे. वाहकही त्याच्याशी बोलत नसे, छताला बांधलेली दोरी ओढी. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. भरल्या गाडीत मागे कितीही गलका असला तरी चालकापर्यंत पोचायचा तो फक्त हा खणखणाट. त्याचे उत्तर द्यावे लागत नसे आणि त्यासाठी नजर रस्त्यावरून काढावी लागत नसे. वाहतुकीच्या इतिहासात या दोरीची नोंद क्वचितच होते, ती व्हायला हवी.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता ते दिल्ली असा झाला. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. पुढे खेड्यापाड्यांत फोन आले तरी लोक ते जपून वापरत. ‘मिस्ड कॉल देतो’ म्हणजे निघालो, पोचलो, फाट्यावर ये, यांपैकी जे आधी ठरले असेल ते. तो फोन उचलायचाच नसे, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याचे हात हँडलवरच राहत. मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि पुढे बोलणे स्वस्त होत गेले तशी ही सवय सुटत गेली. मान एका बाजूला वाकवून, कान आणि खांद्याच्या बेचक्यात फोन दाबून मोटारसायकल हाकणारा माणूस तेव्हापासून दिसू लागला. त्याच्या मानेच्या बाजूचा आरसा त्याला दिसत नाही आणि समोरचा खड्डा दिसतो तो तिरपा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि कानाजवळचा फोन डोळ्यांसमोर आला. धोका खरा वाढला तो इथे.

याच काळात रस्तेही बदलत होते. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी करत बीडकडे जाणारा महामार्ग चौपदरी झाला. नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्याचेही रुंदीकरण सुरू झाले. अरुंद डांबरी रस्त्यावर खड्डे आणि समोरून येणारी गाडी चालकाला जागे ठेवत. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर त्याला वाटते, आता क्षणभर फोन पाहिला तर काय बिघडते? ज्या दहा वर्षांत गाड्यांचा वेग वाढला, त्याच दहा वर्षांत चालकाची नजर रस्त्यावरून उतरली.

ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. गळीत हंगामात या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांचा वेग ताशी २० धरला, तर मागची गाडी त्यांच्याजवळ सेकंदाला सुमारे १७ मीटरने सरकते. शंभर मीटरचे अंतर सहा सेकंदांत संपते. व्हॉट्सॲपचा एक मजकूर वाचण्यात चार सेकंद गेले, तर हातात उरतात दोन. ट्रॉलीला मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी नसेल, तर रात्री तेवढेही उरत नाहीत. कोजागिरीच्या सुमारास धोका माणसांच्या अगदी अंगाशी येतो. सोलापूरकडून आणि कर्नाटकातून हजारो भाविक अनवाणी, रात्रभर चालत तुळजापूरला येतात. त्यांच्यासाठी प्रशासन दरवर्षी वाहतूक वळवते. पण वळवलेल्या रस्त्यांवरही चालणारी माणसे असतातच.

फोन हातात न धरता बोलले की धोका टळतो, हा समज मात्र खोटा आहे. टोरांटोच्या रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी ६९९ चालकांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. फोनवर बोलताना अपघाताची शक्यता चौपट होते आणि ‘हँड्सफ्री’ने त्यात फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. शेजारी बसलेला माणूस वळण आले की गप्प होतो. फोनवरच्या माणसाला वळण दिसतच नाही.

कायदा मागून आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याला शिक्षा होती, पण हातातल्या फोनचा स्पष्ट उल्लेख त्यात २०१९ च्या दुरुस्तीने आला. महाराष्ट्राने त्या दुरुस्तीतला वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू केला. ऑक्टोबर २०२० पासून हातातल्या उपकरणाचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी करता येतो. देशपातळीवर फोनमुळे झालेल्या अपघातांची वेगळी मोजणी २०१६ पासून आहे. त्या वर्षी २,१३८ माणसे मेली, २०२२ मध्ये ३,३९५. खरे आकडे याहून मोठे असणार, कारण अपघातानंतर फोन चालू होता हे सांगणारा बहुधा कुणी नसतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एसटी महामंडळाने चालकांना गाडी चालवताना फोनवर बोलण्यास आणि हेडफोन लावण्यास मनाई केली. रंगवलेल्या जुन्या सूचनेचाच हा पुढचा भाग. मोटारसायकल, जीप आणि उसाचा ट्रॅक्टर यांना मात्र असे महामंडळ नाही, की दोरी हाती धरणारा वाहक नाही.